काशीरामचा तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

काशीराम घाडीचा आवाज आधी यायचा आणि काशीराम मागाहून. घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर, खालच्या नळावर उभं राहिलं तरी कळायचं की वर काशीराम कुणाला तरी फैलावर घेतोय. कधी रॉकेलवाल्याला, कधी पोस्टमनला, आणि कुणीच हाताशी नसलं तर स्वतःच्या नशिबाला. लोक म्हणायचे, गिरणीचा माणूस, त्याचं बोलणंच तसं. आणि रागाला कारण नव्हतं असं कोण म्हणेल? बावीस वर्षं त्यानं लालबागच्या एका गिरणीत साचे चालवले, साचे म्हणजे कापड विणायचे माग. संप झाला, गिरणीनं परत आत घेतलं नाही, आणि आता सत्त्याऐंशी साली तो मुलुंडच्या एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांची खोकी चिकटवत बसायचा. तुटलेल्या सुताची गाठ डोळे मिटून मारणारे ते हात. त्यांनी दिवसभर पुठ्ठ्याला डिंक लावायचा! तुमचं-आमचं तरी डोकं ठिकाणावर राहिलं असतं का?

त्या वर्षातलं पहिलं मोठं भांडण कुकरवरून झालं. काशीराम म्हणाला, शिट्टी होत नाही. भांडीवाल्याकडं जाऊन त्याला दुकानाबाहेर काढून झापला, शिट्टी बदलून आणली. मग ती पण होत नाही म्हणून दुसरी आणली. त्याची बायको मालन हे सगळं बघत होती आणि भात मात्र रोज वेळेवर उतरवत होती. ती काही बोलली नाही. बोलून कुणी वाट लावून घ्यायची?

आता मुद्द्याचं सांगतो. काशीरामचा थोरला भाऊ लहू त्यांच्या भजनी मंडळात झांज वाजवायचा. मंडळ सगळं गिरणीतल्या माणसांचं, एकाच खात्यातली, कणकवलीच्या आजूबाजूची. लहू मुलखाचा घुमा. चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण पितळेची ती जोडी हातात आली की मागं बसून तो भजनाची अख्खी बारी खेचून न्यायचा. संपाच्या पहिल्याच वर्षी तो गावाला गेला तो तिथंच तापानं गेला. फोटो एकच, तोही हललेला. त्याची म्हणून उरली ती एक कॅसेट. संपाच्या आदल्या गणपतीत दुबईहून आलेल्या एका गाववाल्यानं आपला दोन माइकचा टेप मध्ये ठेवून भजन भरून घेतलं होतं. उजव्या हाताला पेटी आणि गाणारे बुवा, डाव्या हाताला लहू आणि त्याची झांज.

लहूची बायको वनमाला पाच वर्षं खालच्या चाळीत एकटी राहिली. आता तिनं ठरवलं होतं की दसऱ्यानंतर मुंबईला कायमचा रामराम करून गावचं घर उघडायचं. जाण्याआधी तिनं दिराकडं एकच गोष्ट मागितली. तिच्याकडं टेप नाही, गावात तेव्हा वीजही धड नव्हती. तर एकदा सगळ्या मंडळाला बोलवा आणि ह्यांची झांज मला ऐकवा. काशीराम म्हणाला, वैनी, ऐकवणार म्हणजे ऐकवणार. रविवारही ठरला.

घरात एक छोटा टेप होता. काशीरामनं त्यात कॅसेट घातली, तर पेटी आली, पखवाज आला, बुवा आले. झांज नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कारण त्याला लगेच सापडलं. एका स्पीकरच्या टेपात डावं-उजवं सगळं एकात कालवलं जातं, तिथं लहूची झांज बुडणारच. दोन्ही बाजू वेगळ्या काढणारा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे, स्टिरिओ. तयार घ्यायचा तर तो आपल्या बापाच्यानं होणार नाही. स्वस्तातली सर्किटची प्लेट आणून घरी जोडू. मंडळाचा माइक बिघडला की तो दुरुस्त करणारा काशीरामच होता, तारांना कथलाचा डाग द्यायला त्याचा हात बसलेला. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून त्यानं स्टिरिओ कॅसेट वाजवणारा जुना डेक आणला, कुंभाराकडून दोन माठ आणले आणि माठांच्या तोंडावर स्पीकर बसवले. तेव्हा घरोघरी हेच चालायचं, माठातला आवाज घुमतो छान.

प्लेट घेतली ती स्टेशनाजवळच्या चंद्रप्रकाशच्या दुकानातून. हा चंद्रप्रकाश मोठा सरळ माणूस. चिंचोळं दुकान, भिंतभर सुटे भाग, आणि ज्याला जे झेपेल तेच तो द्यायचा. त्यानं काशीरामला सगळ्यात लहान अ‍ॅम्प्लिफायर काढून दिला. तळहाताएवढी प्लेट, दोन आयसी, त्यांच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा, वर चार बटणं. एक आवाजाचं, एक खर्जाचं, एक ट्रेबल म्हणजे बारीक तीव्र आवाजाचं, आणि चौथं डावं-उजवं सारखं करायचं. एका खोलीला एवढा पुरे, म्हणाला.

काशीरामनं तो एका संध्याकाळी मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. कॅसेट लावली. पखवाज छातीत धडकला, पेटी उजवीकडं गेली, सगळं झकास. पण डावीकडं काय? कोण तरी गोणपाटावर हात आपटतोय असं काहीतरी. त्यानं ट्रेबल शेवटपर्यंत पिरगाळला. तरी तेच.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा उचलून चंद्रप्रकाशच्या पुढ्यात आपटला. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. काशीराम म्हणाला, हा माल खोटा आहे, हा झांज खातो. चंद्रप्रकाशनं कॅसेट लावून ऐकली आणि म्हणाला, "काका, झांज तर एकदम साफ हाय." बस्स. पुढची दहा मिनिटं घाटकोपरला चंद्रप्रकाशच्या सात पिढ्यांची माहिती मिळाली. गिऱ्हाईकं सटकली. त्यानं डबा ठेवून घेतला आणि थोडा मोठा अ‍ॅम्प्लिफायर दिला, वरचा फरक घेतला नाही. काशीरामला वाटलं, बघा, चोराच्या मनात भीती असतेच.

दुसऱ्याचीही तीच गत. या वेळी काशीराम एकटा गेला नाही, साक्षीला धाकूला घेऊन गेला. धाकू म्हणजे लूम खात्यात वीस वर्षं त्याच्या शेजारच्या साच्यावर उभा असलेला माणूस. त्या खात्यात दोनशे साचे एकदम धडधडायचे, तिथं बोलून ऐकू येणार काय कपाळ? सगळे ओठांवर बोलायचे. एकानं आवाज न काढता ओठ हलवायचे, दुसऱ्यानं वाचायचं. साचे सुटले तरी सवय सुटली नव्हती. एक नाक्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि गप्पा चालू. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करून हसायची. धाकू आता एका सोसायटीत वॉचमन होता आणि बेल वाजली तरी गेट उघडत नाही म्हणून रोज बोलणी खात होता.

तर दोघं काउंटरवर वाकून ऐकत उभे राहिले. काशीरामनं विचारलं, "काय रे, झांज खय आसा?"

"नाय रे. पखवाज येता, पेटी येता, बुवा येता. झांज नाय."

झालं! एकाचे दोन झाले. दोन माणसं खोटं बोलतील का? मग जे व्हायचं तेच झालं. धाकूनं टेबलावर मूठ आपटली, काशीरामनं बाहेर रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगितलं की हे दुकान गरिबांना लुबाडतं, इथं कुणी पाऊल टाकू नका. चंद्रप्रकाशचं तोंड पांढरं पडलं. त्यानं दुसराही ठेवून घेतला, दुकानातला सगळ्यात जोरदार अ‍ॅम्प्लिफायर काढला, सोबत ट्वीटर म्हणून दोन लहान स्पीकर दिले, जे फक्त बारीक तीव्र आवाज काढतात, आणि हात जोडून म्हणाला की काका, हा न्या, पैसे द्या नका देऊ, पण परत येऊ नका. काशीरामनं पैसे मोजून टाकले. भीक नको होती त्याला, झांज हवी होती.

शनिवारी दुपारी, म्हणजे मंडळ जमायच्या आदल्या दिवशी, तिसरा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. माठांवर ट्वीटर बसले. मालन तांदूळ निवडत होती आणि त्यांची मुलगी उत्तरा, बारावीतली, खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. काशीरामनं कॅसेट लावली, आवाज अर्ध्यावर, ट्रेबल पार शेवटाला. डोकं माठाला टेकवून तो ऐकत राहिला. पखवाज. पेटी. बुवा. डावीकडं तेच गोणपाट.

मग राग असा उसळला की त्यानं पक्कड उचलून भिंतीवर मारली. उद्या वैनी येणार, आठ माणसं येणार. काय ऐकवायचं त्यांना? त्यानं मागं वळून पाहिलं तर उत्तरानं दोन्ही कानांत बोटं घातलेली, डोळे गच्च मिटलेले. एवढी नाजूक? काकाचं भजन सोसत नाही हिला? तो तिच्यावर धावून गेला. ती उठून उभी राहिली. आजवर बापापुढं मान वर न केलेली पोर, पण तिचं डोकं उठलं होतं.

"बंद करा ते, बाबा! झांजेनं कान फाटताहेत."

त्यानं ते तिच्या ओठांवर वाचलं, नेहमीसारखं. क्षणभर त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "खय आसा झांज?" तो ओरडला. ती रडत म्हणाली, झांजच आहे सगळीकडं, तीन आठवडे झांजेशिवाय दुसरं काही नाही या घरात, शेजारचे लोकसुद्धा दारं लावून घेतात, फक्त तुमच्यापुढं कुणी बोलत नाही. त्यानं हात उगारला.

तो हात मालननं धरला. तिनं टेप बंद केला, खुर्चीवर चढली, आणि लहूच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेली त्याची झांज खाली काढली. पाच वर्षांची धूळ पदरानं पुसली, दोन्ही वाट्या नवऱ्याच्या हातांत दिल्या आणि म्हणाली, "वाजवा."

काशीरामनं वाजवली. टप्प. पाटावर वाटी ठेवावी एवढाच आवाज आला, आणि संपला. त्यानं परत वाजवली, जोरात. टप्प. पण हातांत काहीतरी चालू होतं. पितळ थरथरत होतं. आवाज संपून इतका वेळ झाला तरी वाट्या त्याच्या बोटांत झिणझिणत होत्या, दोऱ्यातून मनगटापर्यंत मुंग्या येत होत्या. उत्तरानं पुन्हा कान झाकले होते.

मालन त्याच्या समोर आली, तोंड त्याच्या तोंडासमोर, जशी ती कित्येक वर्षं बोलत आली होती. "कानांक नको," ती म्हणाली, "हातांक इचारा."

तो भिंतीशी खाली बसला. कुकरची शिट्टी त्याला आठवली. कंपनीतला सुपरवायझर मागून हाक मारून मारून चिडतो, ते आठवलं. मालननं सांगितलं की तिला सहा-सात वर्षांपूर्वीच कळलं होतं. सांगायची छाती झाली नाही. तुमचो राग, म्हणाली, आणि मग गिरणीही गेली, अजून किती सांगायचं माणसाला?

आता राग कुणावर काढायचा? आयुष्यभर त्याला समोर कुणी ना कुणी मिळालं होतं. भांडीवाला होता, चंद्रप्रकाश होता. आज ज्याचा गळा धरावा असं त्या खोलीत कुणीच नव्हतं. आणि मग त्याला तो साहेब आठवला. वर्षातून एकदा कुठून तरी मोठा साहेब खातं बघायला यायचा, गोरापान, सुटातला, आणि त्याच्या दोन्ही कानांत रबराची बुचं असायची. दोनशे साच्यांमधून पाच मिनिटं चालायचा आणि निघून जायचा. लूम खातं पोट धरून हसायचं. काय बायकी कान आहेत म्हणून त्याची नक्कल व्हायची. धाकू तर मधल्या सुट्टीत कानात भज्यांचे तुकडे घालून साहेबासारखा चालून दाखवायचा. सगळ्यात जास्त काशीराम हसला होता. पाच मिनिटांसाठी येणाऱ्याला ठाऊक होतं! त्याला बुचं कुणी दिली? ज्यांनी दिली त्यांना बावीस वर्षं उभी असलेली माणसं दिसली नव्हती का? मूठभर कापसाची किंमत ती काय, आणि कापूस तर तिथं जमिनीवर लोळत होता. काशीराम संध्याकाळपर्यंत त्या भिंतीला पाठ लावून बसून राहिला. त्या दिवशी चाळीला त्याचा आवाज आला नाही, आणि दोन बायका मालनला विचारून गेल्या की घरात सगळं ठीक आहे ना.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी काशीराम दारात उभा होता, बगलेत तिसरा अ‍ॅम्प्लिफायर आणि सोबत उत्तरा. त्याला बघून चंद्रप्रकाशनं शटर अर्ध्यावरच धरलं. काशीराम म्हणाला, "शेठ, तुझा माल खरा होता. माझे कान गेलेत." एवढंच. माफी वगैरे शब्द त्याच्या जिभेला वळणारे नव्हते. पण त्यानं ते मोठ्यानं म्हटलं, आणि शेजारच्या पानवाल्यानं ऐकलं, आणि ते त्याला हवंच होतं. ज्या रस्त्यावर बोंबललो त्याच रस्त्यावर हेही जाऊ दे.

 चंद्रप्रकाशनं शटर पुरतं वर केलं आणि स्टूल पुढं सरकवलं, उत्तरासाठी. कॅसेट तीनही अ‍ॅम्प्लिफायरांवर वाजली. काशीराम बाहेर फुटपाथवर पाठ करून उभा राहिला. आपलं तोंड बघून पोरीनं निवडू नये म्हणून. तिसरा तिनं लगेच बाजूला केला, उगाच किंचाळतो म्हणाली. दुसरा बरा. पण निवडला तो पहिलाच, सगळ्यात लहान, मिठाईच्या डब्यातला. तो तसाच फळीवर पडून होता. काशीरामनं भर दुकानात त्याला खोटा ठरवल्यावर त्याला हात लावायलाही कुणी तयार नव्हतं. उत्तरानं ट्रेबलचं बटण फिरवत फिरवत मधल्या जरा पुढं आणून सोडलं आणि चंद्रप्रकाशकडून पेनानं तिथं रेघ मारून घेतली.

दुपारी चारला मंडळ जमलं. आठ माणसं, सगळी लूम खात्यातली. कुणी आता भाजी विकणारा, कुणी लिफ्टवर, कुणी नुसताच घरी. दहा बाय दहाच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसली. दाराशी बायका, त्यांच्या पुढं वनमाला. लहूच्या फोटोला हार घातला होता. काशीरामनं बटणाची खूण रेघेशी जुळवली आणि कॅसेट लावली.

पखवाज घुमला, माना डोलल्या. बुवांचा आवाज आला तेव्हा दोघांनी डोळे पुसले. मग हळूहळू एकेकाची मान वाकडी होऊ लागली. एकानं कानामागं तळहात धरला, शेजारच्यानं त्याचं बघून धरला. काशीराम बघत राहिला. थोड्या वेळात आठच्या आठ माणसं कानामागं हात धरून डाव्या माठाकडं झुकली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे चढत होतं ते त्याच्या पुरेपूर ओळखीचं होतं. अगदी तोच राग, तीन आठवडे त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असलेला.

धाकूच्यानं राहवलं नाही. "काशा, फसयल्यान तुका त्या शेटान! झांज खय आसा?" बाकीचेही सुरू झाले. आवाज वाढव रे. बारीक बटण फिरव. चला, आत्ता जाऊन दुकान बंद करू त्याचं. एकजण उठून उभाही राहिला. काशीरामचा हात बटणावर होता. फिरवलं असतं तरी त्यांना काही मिळणार नव्हतं. त्यानं दाराकडं पाहिलं.

वनमालानं भिंतीला डोकं टेकलं होतं. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर वाजत होती, पखवाजाच्या ठोक्यावर नाही, त्याच्या मधल्या जागांवर, जिथं लहूची झांज पडायची तिथं. एकही जागा तिची चुकत नव्हती.

काशीरामनं बटणावरचा हात काढला. "झांज वाजताहा," तो म्हणाला. "आपल्याक ऐकाक येणा नाय."

पण पखवाज जोरात होता आणि आठ जणांचा कल्ला त्याहून जोरात. कुणाला कळलं नाही. मोठ्यानं ओरडावं तर वैनीची झांज मोडली असती. मग तो उठला, मध्ये जाऊन उभा राहिला, सगळ्यांना आपलं तोंड दिसेल असा. आणि साच्यांमध्ये उभं राहून बावीस वर्षं बोलायचा तसंच, घशातून जराही आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्यानं तेच परत सांगितलं.

आठही जणांनी वाचलं. उभा राहिलेला खाली बसला. धाकू त्याच्या ओठांकडं बघतच राहिला, आणि मग त्याचा कानामागचा हात सावकाश खाली आला.